लक्ष कुठे आहे?

(द्वितीय वर्ष कला)

‘लक्ष कुठे आहे तुझे?’ हा प्रश्न ज्याला शाळेत एकदाही विचारला गेला नाही, असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. मला तो पुष्कळदा विचारला गेला आणि बहुतेक वेळा तो योग्यच होता. पण माझ्या धाकट्या बहिणीला विचारला गेला तेव्हा तो चुकीचा होता, आणि विचारणाऱ्यांत मीही होतो. या लेखाचे मूळ तिथे आहे.

ती तेव्हा चौथीत होती. पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबायची. ‘बारा सत्ते’ म्हणून झाले की दहा-बारा सेकंद गप्प. डोळे उघडे, नजर फळ्याकडे. मग काही झालेच नाही अशी पुन्हा बोलू लागायची, पण पाढा कुठे सुटला ते तिला सांगता येत नसे. शाळेत तिला छडी बसली, वर्गाबाहेर उभे राहावे लागले. घरी आईने अंगारा लावला. मी अकरावीत होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी, म्हणून तिचा अभ्यास घेण्याचे काम माझ्याकडे होते आणि सर्वांत जास्त मीच तिच्यावर ओरडलो. ‘समोर बघतेस आणि लक्ष देत नाहीस’ हे माझे ठरलेले वाक्य होते.

शेवटी तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरांनी तिच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरली आणि ती सारखी हलती राहील अशी जोरजोरात फुंकत राहा म्हणून सांगितले. दोन मिनिटे होण्याच्या आतच ती थांबली. नजर तशीच स्थिर. डॉक्टर आप्पांना म्हणाले, “पोरगी आळशी नाही. शहरात नेऊन हिचा ई. ई. जी. काढून आणा.”

ई. ई. जी. म्हणजे मेंदूतील विजेचा आलेख. त्या खोलीत बहिणीसोबत मी गेलो, कारण आप्पांना आत यायची भीती वाटत होती. तिथल्या बाईंनी तिच्या केसांत जागोजागी चिकट मलम लावून लहान लहान चकत्या बसवल्या. प्रत्येक चकतीला एक वायर. वीज तिच्या डोक्यात जाणार असे वाटून मी घाबरलो होतो, बाई हसून म्हणाल्या, “अरे, आम्ही काही आत सोडत नाही. जे आत आहे तेच ऐकतो.” संगणकाच्या पडद्यावर वीस-एक ओळी थरथरत सरकू लागल्या. बाई म्हणाल्या, “बाळ, डोळे मीट.” लगेच मागच्या बाजूच्या ओळींत एकसारख्या, गोलसर लाटा उमटल्या. “आता उघड.” लाटा गेल्या. मीट, उघड, लाटा आल्या, लाटा गेल्या. पुढे जोरात श्वास घ्यायला लावल्यावर सगळ्याच ओळींवर एकाच वेळी सुळके आणि मोठ्या लाटा उसळल्या, सेकंदाला तीन या ठेक्याने, आणि बहीण थांबली. हा अपस्माराचा, म्हणजे फिटचाच, एक सौम्य प्रकार आहे. त्यात मूल पडत नाही, आकडी येत नाही. काही क्षणांपुरते फक्त ‘नसते’. मेंदूच्या आलेखावरची त्याची ही खूण १९३५ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी प्रसिद्ध केली होती. आमच्या गावापर्यंत ती पोचायला इतकी वर्षे लागली.

बहिणीला गोळ्या सुरू झाल्या. पण माझ्या डोक्यात ते ‘मीट, उघड’ राहून गेले. यंदा मानसशास्त्राच्या तासाला ‘अवधान’ हे प्रकरण आले तेव्हा मी सरांना विचारले, “सर, जे लक्ष बाहेरून दिसत नाही, ते या आलेखात दिसते का?” सर म्हणाले, “दिसते. पण फार कष्टाने, आणि थोडेच.” त्यांनी दिलेल्या पुस्तकांतून जे समजले ते माझ्यासारख्याच विज्ञान न घेतलेल्या वाचकांसाठी इथे मांडतो.

विजेची पहिली नोंद

प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ सालीच दाखवले होते. माणसाच्या डोक्यावरून तिची नोंद करणारा पहिला माणूस म्हणजे जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर. त्याच्या शोधामागची हकीकत वाचताना मी थबकलो, कारण तिच्यातही एक बहीण आहे. तरुणपणी सैन्यात असताना बर्गर घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी संध्याकाळी घरून त्याची खुशाली विचारणारी तार आली. त्याच्या बहिणीला अचानक वाटले होते की भावावर काही संकट आले आहे. मनातून मनाकडे काही शक्ती जात असली पाहिजे, अशी बर्गरची समजूत झाली आणि ती मोजण्याच्या ध्यासाने तो मेंदूकडे वळला. ती शक्ती त्याला सापडली नाही. सापडली ती वीज. १९२४ साली त्याने पहिली नोंद घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली.

डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सेकंदाला सुमारे दहा वेळा वरखाली होणाऱ्या लाटा त्याने पाहिल्या. त्यांना त्याने ‘आल्फा’ हे नाव दिले. डोळे उघडले की त्या मावळतात. बहिणीच्या आलेखात मी पाहिल्या त्या याच. बर्गरवर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पण १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी प्रयोग पुन्हा करून तो खरा ठरवला. या लाटा मेंदूच्या मागच्या, म्हणजे पाहण्याशी संबंधित भागातून येतात, आणि काही पाहण्यासाठी मन एकवटले की त्या दबतात, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे सुरुवातीपासूनच या लाटांचा संबंध दृष्टीशी आणि लक्षाशी जोडलेला होता.

नजर वेगळी, लक्ष वेगळे

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण ‘लक्ष दे’ म्हणतो तेव्हा बहुधा ‘इकडे बघ’ असेच म्हणायचे असते. पण नजर आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला आमच्या आप्पांकडून आधीच ठाऊक असायला हवे होते. ज्वारीची कणसे भरू लागली की ते माळ्यावर बसून पाखरे राखतात. नजर समोरच्या बांधाकडे असते. पण उजव्या अंगाला दूर कुठे थवा उतरला तर मान वळण्याच्या आधी हात गोफणीकडे जातो. डोळे एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे, आणि तरी ते पूर्ण जागे.

याच गोष्टीचा प्रयोग एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने केला. काळोख्या पेटीत त्याने अक्षरे लिहिलेला कागद ठेवला. मध्ये टाचणीने पाडलेल्या भोकातून प्रकाशाचा एक ठिपका दिसे. त्यावर डोळे रोखायचे. मग विजेची ठिणगी पाडून पेटी क्षणभर उजळायची. तेवढ्या वेळात डोळा हलणे शक्यच नाही. तरीही त्याला असे आढळले की ठिणगीपूर्वी कागदाच्या ज्या भागावर मनाने लक्ष धरले असेल, तिथली अक्षरे वाचता येतात आणि बाकीची निसटतात. डोळ्यात चित्र तर सगळ्याच कागदाचे पडले होते. मग निवड कोणी केली, आणि कुठे?

गोंगाटातली कुजबुज

या प्रश्नाला मेंदूच्या विजेने उत्तर द्यायचे तर एक मोठी अडचण आहे. टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५,००,००० मायक्रोव्होल्टचा असतो. डोक्यावर मिळणाऱ्या आल्फा लाटा पन्नासेक मायक्रोव्होल्टच्या. आणि डोळ्यांसमोर एकदा चमकून गेलेल्या प्रकाशाला मेंदू जे उत्तर देतो, ते तर अवघ्या काही मायक्रोव्होल्टचे. मेंदूतल्या बाकी सगळ्या घडामोडींच्या विजेत ते बुडून जाते. शिवाय पापणी लवली, दात चावले, तरी आलेखात त्याहून मोठी खळबळ उडते.

यावरची युक्ती १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी प्रत्यक्ष चालवून दाखवली. समजा, जत्रेच्या गोंगाटात दूरवर कोणी एक लहान घंटा वाजवतो आहे. एका वेळेच्या नोंदीत ती ऐकू येणार नाही. पण घंटेवर टोल पडल्याच्या क्षणापासून सुरू होणाऱ्या शंभर नोंदी घेतल्या आणि त्या एकावर एक ठेवून सरासरी काढली तर? गोंगाट दर वेळी निराळा, कधी वर तर कधी खाली. तो एकमेकांत विरून जातो. घंटेचा नाद मात्र दर वेळी त्याच जागी येतो, म्हणून तो उरतो. हिशेबाने पाहिले तर शंभर नोंदींच्या सरासरीत गोंगाट दहाव्या हिश्शावर येतो, चारशे नोंदींत विसाव्या. म्हणून अशा प्रयोगांत माणसाला तासन् तास बसवून तोच प्रकाश शेकडो वेळा दाखवावा लागतो. सर ‘फार कष्टाने’ म्हणाले ते याचसाठी.

तोच प्रकाश, तोच डोळा

आता मूळ प्रयोग. कानांच्या बाबतीत तो १९७३ साली स्टीव्हन हिलयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे केला आणि तो प्रसिद्ध आहे. पुढे त्यांनी आणि इतरांनी दृष्टीवर तसेच प्रयोग केले. माणसाला पडद्यासमोर बसवतात. मध्ये एक ठिपका. त्यावरून नजर हलवायची नाही. ठिपक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, क्रम न ठरवता, प्रकाशाचे लहान चौकोन चमकत राहतात. आधी सांगतात, ‘डावीकडे लक्ष ठेव, तिथे एखादा चौकोन किंचित वेगळा दिसला की बटण दाब. उजवीकडचे सोडून दे.’ काही वेळाने उलट सांगतात. डोळ्यांच्या कडेलाही चकत्या लावलेल्या असतात. बुबुळ जरा जरी सरकले तरी ते कळते आणि तेवढी नोंद टाकून देतात.

या मांडणीतली खुबी लक्षात घ्यावी. डावीकडचा चौकोन दोन्ही वेळा तोच, त्याचा उजेड तोच, तो डोळ्याच्या पडद्यावर पडतो ती जागा तीच. बदलले आहे ते फक्त माणसाचे मन. म्हणून दोन सरासरी आलेखांत जो फरक दिसेल तो लक्षाचाच.

आणि तो दिसतो. डावीकडे दिसलेली वस्तू मेंदूच्या उजव्या अर्धात पोचते, उजवीकडची डाव्या अर्धात. त्या त्या बाजूला, डोक्याच्या मागच्या भागी, प्रकाश चमकल्यानंतर सुमारे १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात, एक लाट उठते. तिला ‘पी-१’ म्हणतात. तिच्या पाठोपाठ उलट दिशेची ‘एन-१’ येते. लक्ष त्या बाजूला असेल तर या लाटा मोठ्या होतात, नसेल तर लहान राहतात. लाटेची वेळ जवळजवळ तीच, जागा तीच, आकार तोच. उंची तेवढी वेगळी. रेडिओवर केंद्र तेच, गाणेही तेच, फक्त आवाजाची कळ जरा पुढे फिरवावी तसे हे आहे. पी-१ च्याही आधी एक लाट उठते. ती दृष्टीच्या अगदी पहिल्या ठाण्यावरची. बहुतेक प्रयोगांत लक्षाचा तिच्यावर परिणाम दिसत नाही, मात्र याबद्दल अजून वाद आहे. म्हणजे बातमी दारातून आत येते ती सर्वांची सारखीच. पण आत आल्यावर लगेच कोणाला पुढे बसवायचे ते ठरते.

यामुळे मानसशास्त्रातला एक जुना वाद बराच पुढे सरकला. इंग्लंडच्या डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ साली मांडले होते की मेंदू नको असलेली माहिती अगदी सुरुवातीलाच गाळतो. १९६३ साली डॉइच आणि डॉइच यांनी उलट म्हटले, की सगळ्याचा अर्थ आधी लागतो आणि निवड नंतर होते. नुसत्या बटण दाबण्यावरून हे ठरवणे कठीण. आपली एस. टी. गावात उशिरा पोचली एवढ्यावरून ती कोणत्या थांब्यावर रखडली हे कळत नाही. त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक स्थानकावरची नोंद पाहावी लागते. बटण म्हणजे शेवटचा थांबा. मेंदूची वीज म्हणजे वाटेवरच्या नोंदी. त्या नोंदींनी दाखवले की निदान जागेवर लक्ष ठेवायचे असते तेव्हा निवड फार लवकर सुरू होते. काही निवड नंतरही होते, हेही तितकेच खरे.

आणि त्या ‘मीट, उघड’ लाटा? त्यांचीही गोष्ट पुढे गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वॉर्डन आणि सहकाऱ्यांनी माणसाला आधीच खूण केली, की आता डावीकडे किंवा उजवीकडे काही दिसणार आहे. ते दिसण्यापूर्वीच, नुसत्या वाट पाहण्याने, मेंदूच्या दोन बाजूंच्या आल्फा लाटांचा तोल बदलला. ज्या बाजूची माहिती नको, तिच्याकडच्या भागात लाटा वाढल्या. म्हणून आल्फा लाटा म्हणजे नुसता आराम नसून नको असलेल्या दाराला लावलेली कडी असावी, असे आज अनेक संशोधक मानतात. पाखरे अजून उतरलेलीही नाहीत, आणि राखणाऱ्याचा मेंदू एका कोपऱ्याकडे आधीच उघडा झालेला आहे!

या विद्येचे हात आणि छडी

उपयोगाचे एकच उदाहरण देतो, कारण ते मला सर्वांत मोठे वाटते. डोळ्यांसमोर अपेक्षित नसलेली किंवा आपण ज्याची वाट पाहत होतो ती गोष्ट आली की सुमारे ३०० मिलिसेकंदांनंतर एक मोठी लाट येते. १९६५ साली सटन आणि सहकाऱ्यांनी तिचे वर्णन केले. तिला ‘पी-३००’ म्हणतात. १९८८ साली अमेरिकेत फारवेल आणि डॉन्चिन यांनी पडद्यावर सहा ओळी आणि सहा रांगांत अक्षरे मांडली. ओळी आणि रांगा उलटसुलट क्रमाने चमकत. माणसाने मनात धरलेल्या अक्षरावर लक्ष ठेवायचे. ते अक्षर असलेली ओळ किंवा रांग चमकली की पी-३०० उठते आणि यंत्र ते अक्षर ओळखते. पुढे हात, पाय, जीभ सगळे लुळे पडलेल्या रुग्णांनी या मार्गाने शब्द लिहिले. ज्याच्याजवळ फक्त लक्ष उरले आहे, त्याचे लक्ष हाच त्याचा हात झाला.

पण याच पी-३०० वर आधारलेली एक तपासणी आपल्याकडे गुन्ह्याच्या तपासात वापरली गेली. वर्तमानपत्रांत तिला ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणत. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला, की कोणाचीही अशी तपासणी त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही. आणि २०१९ साली चीनच्या जेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला पट्टे बांधून त्यांचे ‘लक्ष’ मोजण्याचा प्रकार झाला. पट्ट्यावरच्या दिव्याच्या रंगावरून मुलाचे लक्ष आहे की नाही हे शिक्षकांना दिसे. लोकांनी ओरड केल्यावर तो थांबवण्यात आला. ही बातमी वाचताना मला चौथीतली बहीण दिसली. तिच्या कपाळावर असा दिवा असता, तर तो पाहून तिला दवाखान्यात नेले असते, की आणखी एक छडी मारली असती?

म्हणून ‘थोडेच’ हा सरांचा दुसरा शब्द विसरता येत नाही. ही लाट शेकडो नोंदींची सरासरी असते. एका क्षणी एका मुलाचे काय झाले ते तिच्यावरून खात्रीने सांगता येत नाही. वीज कवटीतून बाहेर येताना पसरते, म्हणून ‘केव्हा’ हे मिलिसेकंदापर्यंत कळते, पण ‘नेमके कुठे’ हे अंदाजानेच. आणि लक्ष असले-नसले हे कळले, तरी का नव्हते हे आलेख सांगत नाही. उपाशी पोट, घरचे भांडण, न कळणारी भाषा यांची वेगळी लाट नसते.

बहीण आता सातवीत आहे. गोळ्या चालू आहेत. ती मध्येच थांबते असे आता क्वचितच होते. परवा मी तिला हेल्महोल्ट्झचा प्रयोग समजावून सांगत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. सवयीने माझ्या तोंडून निघाले, “लक्ष कुठे आहे तुझे?” तिने बाहेरच बघत पेटी, टाचणीचे भोक, ठिणगी, अक्षरे, सगळे क्रमाने सांगितले.

माझे प्राध्यापक आणि माझ्यासारखे पुढे शिक्षक होऊ पाहणारे मित्र यांना माझी एवढीच विनंती आहे. हा प्रश्न आपण विचारत राहणारच. पण तो विचारल्यावर उत्तरासाठी थोडे थांबावे. मी थांबलो नव्हतो.